साठ लाखांची तेरीज
दिल्लीचा लाल किल्ला हिशेबातून पाहताना

ज्या वाचकांनी स्वतःचे घर बांधले आहे, त्यांना घराच्या वहीचे महत्त्व निराळे सांगावयास नको. वास्तुशांत झाली, पाहुणे जेवून गेले, भिंतींना रंग चढला, की बांधकामाचे सारे कष्ट त्या रंगाखाली झाकून जातात. पण कपाटाच्या तळाशी पडलेली एक वही मात्र काहीच झाकीत नाही. जोत्याचा दगड कोणत्या खाणीतून आला, चुना किती गाड्या लागला, सुतार किती दिवस खपला, पावसाळा तोंडावर आला म्हणून छपरासाठी जादा माणसे किती लावली, हे सर्व तिच्यात तारीखवार नोंदलेले असते. पुढे घर पडले तरी वही शाबूत असेल, तर जाणता मनुष्य ते घर पुन्हा कल्पनेत उभे करू शकतो.

आपल्या जुन्या कारकुनी परंपरेत अशा हिशेबाच्या तीन पायऱ्या असत. रोजच्या देण्याघेण्याची नोंद ती रोजकीर्द. त्या नोंदी खात्यांप्रमाणे लावल्या की झाली खतावणी. आणि सर्व खात्यांच्या बेरजा एकत्र मांडून धन्यापुढे ठेवावयाचा गोषवारा म्हणजे तेरीज. हे तीन शब्द ध्यानात ठेवून आपण दिल्लीच्या लाल किल्ल्यात जाऊ या. तट, कमानी आणि संगमरवर पाहण्यासाठी तेथे रोज हजारो प्रवासी येतात. आपण तो किल्ला त्याच्या हिशेबातून पाहू.

हा हिशेब दरबारी इतिहासकारांनी जपून ठेवला आहे. शहाजहानच्या कारकिर्दीच्या पहिल्या वीस वर्षांचा वृत्तांत अब्दुल हमीद लाहोरी याने लिहिला आणि त्यापुढील दशकाचा त्याचा शिष्य मुहम्मद वारिस याने. मुहम्मद सालिह कंबोह यानेही त्या काळाचा इतिहास लिहिला. या ग्रंथांतील किल्ल्याविषयीची माहिती पुढे एकोणिसाव्या शतकात सर सय्यद अहमद खान यांनी दिल्लीच्या वास्तूंवरील आपल्या ‘आसार-उस-सनादीद’ या ग्रंथात एकत्र केली. बादशाही इमारतखान्याच्या मूळ वह्या या इतिहासकारांच्या हाताशी होत्या. त्यांतून त्यांनी जे उतरून घेतले ती तेरीज होती, रोजकीर्द नव्हे. तरी ही तेरीजही पुष्कळ बोलकी आहे.

प्रथम काळाचा हिशेब पाहू. आग्र्याची जागा दरबाराला अपुरी पडू लागली, तेव्हा शहाजहानने यमुनेच्या काठी नवे शहर वसविण्याचे ठरविले आणि १२ मे १६३९ रोजी किल्ल्याचा पाया घातला गेला. उस्ताद अहमद आणि उस्ताद हमीद हे दोघे मुख्य स्थपती. ताजमहालाच्या बांधकामाशीही ज्यांचे नाव जोडले जाते ते हेच उस्ताद अहमद. देखरेख मात्र एकामागून एक तीन सरदारांकडे आली. गैरत खानाच्या सुमारे चार महिन्यांत पाया खणला गेला व काही सामान गोळा झाले. त्यानंतर अलावर्दी खानाने दोन वर्षांहून थोड्या अधिक काळात चोहोकडचा तट बारा गज उंचीपर्यंत आणला. मग मक्रमत खान आला आणि त्याने उरलेले सर्व काम तडीस नेले. एप्रिल १६४८ मध्ये बादशहाने नव्या महालांत प्रवेश केला.

या नुसत्या तारखांवरूनही बांधकामाची रीत उमगते. त्या काळचा गज सुमारे बत्तीस इंचांचा होता. म्हणजे बारा गज म्हणजे बत्तीस फूट. तटाची पूर्ण उंची इतिहासकारांनी पंचवीस गज दिली आहे. याचा अर्थ असा की, पहिल्या अडीच वर्षांत पाया भरून तट निम्मा उभा राहिला होता. नऊ वर्षांपैकी उरलेली साडेसहा वर्षे वरचा तट, महाल, कालवे, बागा आणि नक्षीकाम यांत गेली. जाड काम झपाट्याने उरकते आणि नाजूक काम वेळ खाते, हा प्रत्येक गवंड्याचा अनुभव. तो बादशहाच्या घरीही बदलला नाही.

आता पैशाचा हिशेब. किल्ल्याचा एकूण खर्च साठ लाख रुपये. त्याची फोड अशी : तट आणि खंदक यांना एकवीस लाख; बाजार आणि शाही कारखान्यांचे चौक यांना चार लाख; बेगम साहिब, म्हणजे बादशहाची कन्या जहाँआरा, आणि इतर राजस्त्रियांचे महाल यांना सात लाख; आणि खास शाही महालांना अठ्ठावीस लाख. वाचकांनी बेरीज करून पाहावी. ती बरोबर साठच भरते. ही यादी एका चिठ्ठीवर उतरून घेऊन लाहोरी दरवाजापाशी उभे राहावे आणि मग आत चालू लागावे.

दरवाजापूर्वीच एकवीस लाख रुपये आपल्या समोर उभे असतात. इतिहासकारांच्या मोजणीप्रमाणे किल्ला हजार गज लांब व सहाशे गज रुंद असून खंदकाची लांबी तीन हजार सहाशे गज आहे. खंदक आज कोरडा आहे आणि यमुनाही तटापासून दूर सरली आहे. पण तांबड्या दगडाची ती भिंत पाहिली, की एकूण खर्चाचा तिसऱ्या हिश्शाहून अधिक भाग तिने का घेतला, हे सांगावे लागत नाही. घर बांधणाऱ्याने आधी कुंपणाचा विचार करावा, हा धडा बादशहाला पुढे शहराच्या बाबतीत मात्र महागात शिकावा लागला. दिल्ली शहराभोवतीचा पहिला तट चार महिन्यांत दगडमातीत उभारला, त्यास दीड लाख रुपये लागले. पुढच्याच पावसाळ्यांत तो ठिकठिकाणी ढासळला. मग पक्क्या चुन्यात नवा तट बांधावा लागला. त्यास सात वर्षे गेली आणि चार लाख रुपये पडले. घाईने वाचविलेला पैसा पावसात वाहून जातो, याची इतकी स्वच्छ नोंद हिशेबाखेरीज दुसरे कोण ठेवील?

लाहोरी दरवाजातून आत शिरताच छत्ता चौक लागतो. दोन्ही बाजूंस दुकाने आणि वर कमानींचे छत असलेला हा बाजार आजही गजबजलेला असतो. तेरजेतील चार लाखांच्या खात्यापैकी आपल्या वाट्याला उरलेला हा मोठा अंश. त्याच खात्यातील कारखाने मात्र आता दिसत नाहीत. १६६३ च्या सुमारास दिल्लीत असलेल्या बर्निए नावाच्या फ्रेंच वैद्याने ते पाहिले होते. एका दालनात भरतकाम करणारे, दुसऱ्यात सोनार, तिसऱ्यात चितारी, पुढे सुतार, शिंपी, चर्मकार, अशी दालनांमागून दालने त्याने वर्णिली आहेत. सकाळी येऊन दिवसभर तेथे खपावयाचे आणि संध्याकाळी घरी परतावयाचे, असा त्या कारागिरांचा क्रम असे. म्हणजे बादशहाच्या घराचा एक मोठा भाग बादशहासाठी नव्हे, तर हातांनी काम करणाऱ्यांसाठी बांधलेला होता. आज त्यांच्या जागेची खूण शोधावयाची तर तेरजेतील ते चार लाखांचे कलम तेवढे आहे.

नौबतखाना ओलांडून आपण दिवाण-ए-आमपाशी येतो आणि त्याच्या पाठीमागे नदीच्या बाजूला शाही महालांची रांग लागते. येथे अठ्ठावीस लाखांचे खाते सुरू होते. त्यांपैकी साडेपाच लाख इम्तियाज महालाचे. यालाच पुढे रंगमहाल म्हणू लागले. सहा लाख हयातबक्ष बाग व हमाम यांचे. आणि एकट्या शाहमहालाचे, म्हणजे आपण ज्याला दिवाण-ए-खास म्हणतो त्या दालनाचे, चौदा लाख! किल्ल्याच्या एकूण खर्चाचा जवळजवळ चौथा हिस्सा या एका मंडपाने घेतला.

हा आकडा पाहून हिशेबी मनुष्य थबकल्याशिवाय राहणार नाही. मंडप सुंदर आहे, संगमरवरी आहे, खांबांवर रंगीत खड्यांची वेलबुट्टी आहे. पण त्याची लांबी अवघी नव्वद फुटांच्या आसपास. किल्ल्याच्या समोरच टेकडीवर जामा मशीद उभी आहे. १६५० ते १६५६ या सहा वर्षांत हजारो माणसे तिच्यावर रोज राबली, तेव्हा तिला दहा लाख रुपये लागले. एवढ्या विशाल मशिदीपेक्षा हे एक दालन चार लाखांनी महाग कसे? या प्रश्नाचे उत्तर दगडात सापडत नाही. तेरजेने ते दिले आहे. तिच्यातील नोंद ‘रुपेरी छतासह’ अशी आहे. दालनाची तक्तपोशी चांदीने मढविलेली होती.

आणि येथे, वाचकहो, दिल्लीच्या जमाखर्चात मराठी माणसाचे नाव येते. ऑगस्ट १७६० मध्ये सदाशिवरावभाऊंनी दिल्ली घेतली. सैन्य प्रचंड, सोबत यात्रेकरू आणि कुटुंबकबिला, आणि खजिना रिकामा. उत्तरेकडील वसुली येईना, सावकार कर्ज देईनात, शिपायांचा पगार थकलेला. अशा वेळी भाऊंनी दिवाण-ए-खासाचे रुपेरी छत उतरविले आणि वितळवून त्याची नाणी पाडली. सुमारे नऊ लाख रुपये हाती आले, असे इतिहासकार सांगतात. सूरजमल जाटाला ही गोष्ट रुचली नाही आणि तो पुढे भाऊंची साथ सोडून निघून गेला. आलेला पैसा सैन्याच्या पोटात थोड्याच दिवसांत जिरला. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर काय झाले, ते मराठी घराघरांत ठाऊक आहे.

हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहावे. बांधताना चौदा लाख. वितळविताना नऊ लाख. शंभरांहून अधिक वर्षांत रुपयाचे मोल बदलले असणार, हे गृहीत धरले तरी ढोबळ मानाने एवढे दिसते की, त्या दालनाच्या किमतीचा मोठा भाग डोक्यावरच्या चांदीत होता आणि लहान भाग संगमरवर, खडे व कारागिरांचे हात यांत. जो मोठा भाग होता तो गेला. लहान भाग उरला, आणि आज आपण तिकीट काढून पाहतो तो तोच. आजचे लाकडी छत १९११ मध्ये रंगविलेले आहे. त्याखाली उभे राहणाऱ्या मराठी प्रवाशाने भाऊंना दोषही देऊ नये आणि त्यांची बाजूही घाईने मांडू नये. उपाशी सैन्याचा सेनापती आणि रुपेरी छत एकाच गावात आले, तर कोणाचा बळी जाणार, हे आकडेच सांगतात.

चांदीची ही उधळण शाहजहानला नवी नव्हती. याच दालनाशी ज्याचे नाव जोडलेले आहे, त्या मयूरासनाचा हिशेब लाहोरीने दिला आहे : शहाऐंशी लाखांची रत्ने, चौदा लाखांचे सोने, सात वर्षांचे काम, एकूण एक कोटी. ताजमहालाचा खर्च त्यानेच पन्नास लाख सांगितला आहे. म्हणजे एक आसन दोन ताजमहालांच्या मोलाचे! १७३९ मध्ये नादिरशहाने ते इराणला नेले. जे मौल्यवान ते उचलून नेता आले. दगड जागीच राहिले.

सर्वच दगड मात्र जागी राहिले नाहीत. चिठ्ठीवरचे एक खाते आपण अजून पाहिलेले नाही : राजस्त्रियांच्या महालांचे सात लाख. ते शोधीत रंगमहालाच्या दक्षिणेकडे वळावे, तर एक मुमताज महाल सोडला असता हिरवळी आणि पुढे इंग्रजी अमदानीतील बराकी दिसतात. १८५७ च्या उठावानंतर इंग्रज लष्कराने किल्ल्यातील बहुतेक महाल पाडून टाकले. वास्तुकलेचा इतिहास लिहिणाऱ्या जेम्स फर्ग्युसन या स्कॉटिश विद्वानानेच पुढे खेद व्यक्त केला की, पाडण्यापूर्वी त्यांचा साधा नकाशाही कोणी काढून ठेवला नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी पुरातत्त्व खात्याने उत्खनन करून हयातबक्ष बागेचे पाट आणि वाफे पुन्हा रेखाटले. पण जेथे जमिनीखालीही खूण उरली नव्हती, तेथे सात लाखांचे ते एक कलम हाच त्या महालांचा शेवटचा साक्षीदार ठरला. हिरवळीवर चालताना आपण त्या सात लाखांवर चालत असतो.

असे असले तरी तेरजेची एक मर्यादा आहे. ती बेरीज सांगते, माणसे सांगत नाही. हे सात लाख कोणाकोणाच्या हाती पडले? पाथरवटाला काय मिळाले, पखालजीला काय? यासाठी आपल्याला अर्धे शतक मागे जाऊन अबुल फजलाच्या ‘आईन-ए-अकबरी’कडे वळावे लागते. अकबराच्या इमारतखात्याचे दर त्यात मांडले आहेत. चाळीस दामांचा एक रुपया. पहिल्या प्रतीच्या सुताराला किंवा चुन्याचे काम करणाऱ्या गवंड्याला रोज सात दाम. बेलदाराला तीन ते साडेतीन. पाणक्याला दोन ते तीन. सर्वांत खालच्या प्रतीच्या सुताराला दोन. हजार भाजलेल्या विटांना तीस दाम, तांबड्या दगडाच्या एका मणाला तीन दाम. म्हणजे एका रुपयात तेराशेहून अधिक विटा येत, किंवा तेरा मण दगड, किंवा निष्णात सुताराचे पुरते सहा दिवसही नव्हेत, किंवा हलक्या कामकऱ्याचे वीस दिवस. शाहजहानच्या वेळी दर काहीसे निराळे असतील. पण प्रमाण फारसे बदलत नाही. दोन दामांचा मनुष्य आणि शहाऐंशी लाखांची रत्ने एकाच बांधकामात, एकाच धन्याच्या चाकरीत होती.

रोजकीर्द टिकली तर काय मिळते, हे पाहावयाचे असेल तर दिल्लीहून पुण्याकडे दृष्टी वळवावी. तेथे पहिल्या बाजीरावाने १० जानेवारी १७३० रोजी शनिवारवाड्याचा पाया घातला आणि २२ जानेवारी १७३२ रोजी वास्तुशांत झाली. मूळ बांधकामास १६,११० रुपये लागले, असा हिशेब आहे. दिवाण-ए-खासाच्या खर्चात असे ऐंशीहून अधिक वाडे उभे राहिले असते. जुन्नरच्या जंगलांतले सागवान, चिंचवडच्या खाणींचा दगड आणि जेजुरीकडचा चुना अशी त्याच्या सामानाची वाटही सांगता येते. १८२८ मध्ये वाड्याला आग लागली आणि आतले सारे लाकूडकाम जळाले. आज दिल्ली दरवाजा, तट आणि जोती तेवढी दिसतात. तरीही पेशव्यांचा संसार आपल्याला परका वाटत नाही. कारण पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दफ्तराचे हजारो रुमाल आजही बांधलेले आहेत. त्यांत लढायांचे खलिते आहेत, तसे दिवाबत्तीचे, शागीर्दपेशाचे आणि डागडुजीचेही हिशेब आहेत. गोविंद सखाराम सरदेसाई यांनी या दफ्तरातून निवडलेल्या कागदांचे पंचेचाळीस खंड विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकात प्रसिद्ध झाले. पण निवड ती निवडच. न वाचलेली मोडी अजून पुष्कळ उरली आहे.

दिल्लीला वाडा उरला आणि वही गेली. पुण्याला वाडा जळाला आणि वही उरली. दोन्ही ठिकाणी जे हरवले आहे ते दुसऱ्याच्या मदतीने थोडे तरी परत मिळते, हे या दोन वास्तू शेजारी ठेवल्यावर कळते. लाल किल्ला २००३ च्या अखेरीस लष्कराकडून पुरातत्त्व खात्याच्या पूर्ण स्वाधीन झाला आणि २००७ मध्ये त्याची जागतिक वारसास्थळांत गणना झाली. दगडांची काळजी घेणारे खाते आहे, कायदेही आहेत. कागदांची काळजी मात्र पुष्कळदा आपल्याच घरावर येऊन पडते.

आपल्या गावच्या वाड्यात, देवघराच्या फडताळात किंवा माळ्यावरच्या पेटीत आजोबा-पणजोबांच्या लांबट वह्या असतील. मोडी वाचता येत नाही म्हणून त्या निरुपयोगी समजू नयेत. त्यांना वाळवी लागू देऊ नये, ओल लागू देऊ नये आणि रद्दीत तर मुळीच घालू नये. मोडी वाचणारी माणसे आहेत, मोडीचे वर्गही चालतात. आणि जवळचे संशोधन मंडळ किंवा पुराभिलेखागार अशा वह्या आनंदाने पाहते. ‘पाथरवटास शेर धान्य’, ‘बेलदारास रोजमुरा’ अशा एखाद्या ओळीत त्या माणसाचा उल्लेख असतो, ज्याचा दिल्लीच्या साठ लाखांत पत्ताही लागत नाही. शहाजहानच्या रोजकिर्दीत तशा लक्षावधी ओळी असतील. त्या गेल्या. आपल्या माळ्यावरच्या मात्र अजून वाचविता येतील.